पुण्यात लहानग्याला घेऊन फिरायचं कसं : एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईबाबांसाठी

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या आणि घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्या प्रत्येक घरात हा प्रश्न निघतोच : सुट्टीच्या दिवशी याला न्यायचं कुठे? विचारलं की लोक सिंहगड, शनिवारवाडा, खडकवासला अशी नावं पटापट सांगतात. ती मोठ्या माणसांची ठिकाणं. ज्याला अजून धड पायरी उतरता येत नाही, जो बारा वाजले की पेंगायला लागतो आणि ज्याला वाघापेक्षा वाटेतल्या मुंग्यांची रांग जास्त आवडते, त्याच्यासाठी पुणं वेगळ्या रीतीने हिंडावं लागतं. माझी लेक चालायला लागली तेव्हापासून आम्ही तसंच हिंडतोय. त्यातून जे उमगलं ते इथे क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमची धावपळ वाचेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते. ठिकाण कुठलं यापेक्षा निघायची आणि परतायची वेळ जास्त महत्त्वाची. ती नीट बसली की साधी कोपऱ्यावरची बागही पुरते. ती चुकली की कितीही नावाजलेलं ठिकाण असो, अर्ध्या तासात रडारड सुरू होते.

१. आधी वेळ ठरवा

पुणे महापालिकेच्या बहुतेक बागा दोन पाळ्यांत उघड्या असतात. सकाळी लवकर उघडून दहा-अकराच्या सुमारास बंद होतात, आणि चारच्या पुढे पुन्हा उघडून रात्री आठच्या आसपास बंद होतात. मधल्या वेळात फाटकाला कुलूप. नवे लोक इथेच फसतात. रविवारची जेवणं आटोपून एक-दीडला निघतात आणि बागेबाहेर उन्हात उभे राहतात. बागेबागेनुसार वेळ थोडी मागेपुढे होते, त्यामुळे तुमच्या जवळच्या बागेच्या फाटकावरची पाटी एकदा वाचून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

खरं तर ही वेळ आपल्या सोयीचीच आहे. बागा बंद असतात तेव्हाच पोरं झोपतात. म्हणून दिवस असा आखा : सकाळी साडेसातच्या आत बाहेर, साडेनऊला घरी, अंघोळ, जेवण, झोप. किंवा झोप झाल्यावर पाचला बाहेर आणि सातला परत. एका दिवसात यांतली एकच फेरी. "एवढं बाहेर पडलोच आहोत तर तिकडेही जाऊन येऊ" हा मोह मोठ्यांना फार होतो, आणि तोच अंगाशी येतो. एकूण दीड-दोन तास, जायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागू नये, हा हिशोब तीन वर्षांपर्यंत तरी सोडू नका.

ऋतूंचं गणित वेगळं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पुण्याचा सोन्यासारखा काळ, फक्त सकाळी कानटोपी आणि स्वेटर हवा. मार्चच्या मध्यापासून मे संपेपर्यंत सकाळी नऊनंतर उघड्यावर थांबू नका, दुपारी पारा चाळिशीला टेकतो. जून ते सप्टेंबर पाऊस, पण पुण्याचा पाऊस मुंबईसारखा दिवसभर कोसळत नाही. मध्ये उघडीप मिळते. तेव्हा लगेच निघता आलं पाहिजे, आणि त्यासाठी पिशवी तयार हवी.

२. पिशवी कायमची भरून ठेवा

दर वेळी नव्याने पिशवी भरायला घेतली तर निघायलाच नऊ वाजतात. एक पिशवी दाराजवळ खुंटीला अडकवून ठेवा. निघताना त्यात फक्त पाणी आणि डबा घालायचा. आमच्या पिशवीत असतं ते असं :

– कपड्यांचे दोन जोड, त्यातला एक पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा
– डायपर, वाइप्स आणि जुन्या वर्तमानपत्राची दोन-चार पानं
– जुन्या सुती साडीचा मोठा तुकडा. बसायला, पांघरायला, ऊन अडवायला, दूध पाजताना आडोशाला, सगळ्याला चालतो
– टोपी आणि छोटा नॅपकिन
– ओआरएसची पुडी, बँडेजच्या पट्ट्या आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेलं तापाचं औषध
– रुंद तोंडाची रिकामी बाटली. डायपर सुटलेल्या मुलाला अचानक शू लागते आणि जवळपास स्वच्छतागृह नसतं, तेव्हा हीच कामी येते
– स्टीलची पाण्याची बाटली आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा

डब्यात सांडणारं काही नको. केळं, इडली, छोटी थालीपिठं, तूप-गुळात कुस्करलेल्या पोळीचा लाडू, राजगिऱ्याचा लाडू हे उत्तम. बागेबाहेर शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न विकणारे असतातच, आणि आजोबा कौतुकाने नातवाच्या हातावर दोन दाणे ठेवतात. इथे कितीही वाईट वाटलं तरी नाही म्हणा. चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात शेंगदाणा, फुटाणा किंवा अख्खं द्राक्ष अडकू शकतं, आणि पळता पळता खाणाऱ्या मुलाला हा धोका जास्त. द्राक्षं न्यायचीच असतील तर उभी चिरून न्या.

कागदपत्रांची फार गरज पडत नाही, पण मोबाइलमध्ये एक वेगळा फोल्डर करून ठेवा : मुलाचं निळं बाल आधार, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची शेवटची चिठ्ठी. तिकिटाची सवलत काही ठिकाणी वयावर असते, काही ठिकाणी उंचीवर. तिथे बाल आधार दाखवलं की वाद होत नाही. निघण्याआधी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. गर्दीत मूल नजरेआड झालं तर "लाल शर्ट होता की निळा" हे त्या क्षणी आठवत नाही.

३. जायचं कशाने

पुणं दुचाकीचं शहर आहे, आणि मध्ये मूल उभं करून किंवा आईच्या मांडीवर घेऊन जाणारी कुटुंबं रोज दिसतात. नियम मात्र कडक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, मापाचं हेल्मेट हवं आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. फेब्रुवारी २०२३ पासून हा नियम देशभर लागू आहे. दंडाची गोष्ट सोडा. स्कूटरवर पुढे उभं असलेलं मूल दहा मिनिटांत पेंगतं आणि त्याची मान हँडलवर आपटते. पट्टा घ्याच.

रिक्षा हा या वयासाठी सगळ्यात सोयीचा पर्याय. मूल दोन मोठ्यांच्या मध्ये किंवा मांडीवर, कडेला उभं नाही. गाडी असेल तर चाइल्ड सीट लावा, पण पेठांमध्ये गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यातच तुमचा तास जाईल.

बाबागाडी सगळीकडे चालत नाही. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ, मॉल, मेट्रोची स्थानकं आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय इथे ती खुशाल न्या. टेकडी, एम्प्रेस गार्डन, पेठा आणि वाडे इथे ती ओझं होते. तिथे बेबी कॅरिअर बरं. आमच्या घरी आजीने नऊवारीचा पदर कमरेला खोचून नातीला पाठुंगळी घेतलं होतं, तेही तितकंच पक्कं बसतं.

४. पहिला महिना घराजवळची बाग

लांबचे बेत आखण्याआधी चालत जाता येईल अशी एक बाग धरा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा. या वयाच्या मुलाला नावीन्याची हौस नसते. तेच झाड, तोच झोका, तेच माळीकाका, तीच मांजर दिसली की ते खुलतं. शिवाय तिथे रोज येणाऱ्या आजी-आजोबांची आणि इतर आयांची ओळख होते. नव्या शहरात चांगला बालरोगतज्ज्ञ, पाळणाघर, घरकामाच्या मावशी या सगळ्याची माहिती मला बागेतल्या बाकावरच मिळाली.

एरंडवण्यात कमला नेहरू उद्यान, कोथरूडमध्ये तात्यासाहेब थोरात उद्यान, जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यान, निगडीकरांसाठी दुर्गा टेकडी ही सगळी लहान मुलांनी गजबजलेली असतात. तुमच्या वॉर्डातली नाव नसलेली छोटी बागही तितकीच चांगली. फक्त जाल तेव्हा या गोष्टी आधी तपासा.

घसरगुंडीला आधी स्वतःच्या हाताचा मागचा भाग लावून पाहा. पत्र्याची घसरगुंडी एप्रिलमध्ये सकाळी साडेनऊलाच इतकी तापलेली असते की चड्डीखालच्या उघड्या मांड्यांना चटका बसतो, आणि मूल वरून सुटलं की मध्ये थांबवता येत नाही. संध्याकाळी पाचलाही ती गरमच असते, साडेपाच-सहानंतर निवते. पावसाळ्यात उलट. खाली पाणी साचतं आणि मूल सरळ त्यात जातं. जुना टॉवेल सोबत ठेवा, आधी पुसा, मग बसवा.

झोक्यांच्या पुढून आणि मागून दोन-अडीच वर्षांचं मूल कधीही धावतं. मोठी मुलं उभं राहून झोके घेत असतील तर तिकडे फिरकूच नका. वाळूच्या खड्ड्यात आधी काडीने उकरून पाहा, कारण भटकी कुत्री-मांजरी तिथे घाण करतात. जुलै-ऑगस्टमध्ये झाडांच्या बुंध्यांवर आणि बाकांच्या खाली केसाळ सुरवंट असतात. हात लागला तर चोळू नका, चिकटपट्टीने केस उचला आणि साबणाने धुवा. संध्याकाळी डासांचा त्रास असतो, तेव्हाच तो पूर्ण बाह्यांचा जोड चढवा. डास पळवणारं मलम लावायचं तर तुमच्या मुलाच्या वयाला कुठलं चालेल हे डॉक्टरांना विचारून घ्या.

५. पहिली मोठी सहल : सारसबाग आणि फुलराणी

बागेची सवय झाली की पहिली मोठी सहल पेशवे उद्यान आणि सारसबाग. दोन्ही एकमेकांना लागून आहेत आणि स्वारगेटच्या मेट्रो स्थानकाहून रिक्षाने पाच-सात मिनिटांत पोचता येतं.

पेशवे उद्यानात फुलराणी आहे. १९५६ पासून चालणारी ही छोटी रेल्वे पुण्यातल्या तीन पिढ्यांची आठवण आहे. आजी-आजोबा पुण्यातले असतील तर त्यांना घेऊनच जा, मुलाइतकेच तेही हरखतात. डबे बुटके, बाक अरुंद. मोठ्या माणसाला गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. शिट्टी वाजली की मुलं आधी दचकतात, आईला बिलगतात, आणि गाडी झाडांखालून वळली की हात हलवायला लागतात. फेरी छोटी असते, आणि तेच बरं. संपली की "पुन्हा" म्हणून हट्ट होणार हे गृहीत धरा आणि दोन फेऱ्यांची मनाची तयारी ठेवा. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना सोडून जा. त्या दिवसांत रांग लांबते, आणि रांगेत अर्धा तास उभं राहणं या वयाच्या मुलाला जमत नाही. आईबाबांपैकी एकाने रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने मुलाला झाडाखाली पानं वेचायला न्यायचं.

सारसबागेत आधी गणपती. जुने पुणेकर त्याला तळ्यातला गणपती म्हणतात, कारण पेशव्यांच्या काळात इथे मोठं तळं होतं आणि देऊळ त्याच्या मधोमध. आता भोवती छोटं तळं आहे, त्यातले मासे आणि कमळं पाहायला मुलं कठड्याशी रेंगाळतात. कठड्याशी मुलाचा हात सोडू नका. थंडीत गेलात तर या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घातलेली दिसते. कानटोपी घालायला त्रास देणाऱ्या मुलाला हे जरूर दाखवा, आमच्याकडे त्यानंतर भांडण मिटलं. मग मोठ्या हिरवळीवर त्याला मनसोक्त पळू द्या. बाहेरच्या गाड्यांवरची भेळ-पावभाजी मोठ्यांसाठी. लहानग्याचा डबा आपला आपल्याजवळ.

पेशवे उद्यान, देऊळ आणि हिरवळ हे तिन्ही एका संध्याकाळी जमेलच असं नाही. न जमल्यास देऊळ पुढच्या वेळी.

६. मेट्रो हीच सहल

याला कुणी सहल म्हणत नाही, पण दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी पुण्यात यासारखं दुसरं काही नाही, असं मी मनापासून सांगेन. छत आहे, गारवा आहे, लिफ्ट आहे, ऊन-पाऊस कशाची चिंता नाही, आणि तिकीट खिशाला परवडतं.

वनाज ते रामवाडी ही मार्गिका घ्या, कारण ती उंचावरून जाते आणि खिडकीतून सारखं काहीतरी दिसतं. स्वारगेटकडे जाणारी मार्गिका शहराच्या मध्यभागात जमिनीखालून जाते, तिथे खिडकीबाहेर नुसता अंधार. वनाजहून निघालात की नळ स्टॉपला खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर आपण, हे मुलाला बोटाने दाखवा. डेक्कन सोडल्यावर मुठा नदी दिसते आणि संभाजी उद्यान स्थानकाचं पगडीच्या आकाराचं छप्पर. पुढे बंडगार्डन आणि येरवड्याच्या मध्ये पुन्हा नदी. वाटेत बस, ट्रक, जेसीबी, घरांच्या गच्चीवरच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. मुलाला यातलं प्रत्येक नवं असतं. खिडकीशी गुडघ्यांवर बसवताना बूट काढा आणि कमरेला हात धरा.

जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून सरकते जिने दाखवता येतात. तिथलं भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, जिने लांबच लांब. पण मूल स्वतः जिन्यावर उभं राहणार नाही, तुमच्या कडेवर राहील. रबरी क्लॉग्ज घातलेले असतील तर विशेष सांभाळा, ते सरकत्या जिन्याच्या कडेला अडकतात. बाबागाडी असेल तर लिफ्टच.

सकाळी आणि संध्याकाळी ऑफिसच्या गर्दीत जाऊ नका. दुपारचं मूल लवकर उठलं आणि बाहेर ऊन आहे, अशा वेळी ही सहल उत्तम. परतीला संभाजी उद्यान स्थानकावर उतरलात की बाग चालत गाठता येते, आणि जंगली महाराज रस्त्याच्या पदपथावर मुलांसाठी छोटी खेळणीही बसवलेली आहेत.

७. कात्रजचं प्राणिसंग्रहालय : थोडंच पाहा

राजीव गांधी प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. हे आधी लक्षात ठेवा. बुधवारी सुट्टी काढून कात्रजपर्यंत जाऊन परत आलेली कुटुंबं मला माहीत आहेत.

जागा सुमारे १३० एकर. पिंजरे एकमेकांपासून लांब, मध्ये चढ-उतार. मोठ्या माणसाचेही पाय बोलतात, तर दोन वर्षांच्या मुलाचं काय? म्हणून सगळं पाहायचा नाद सोडा. सकाळी उघडल्या उघडल्या पोचा, बॅटरीच्या गाडीचं तिकीट आधी चौकशी करून घ्या, आणि तीनच प्राणी ठरवा. आमचे ठरलेले : हरणं, अस्वल आणि मगर. हरणं कळपाने असतात, त्यामुळे शोधावी लागत नाहीत. वाघ-सिंह दुपारी सावलीत पडून असतात आणि लहान मुलाला झुडपामागचे पट्टे ओळखता येत नाहीत. "तो बघ, तो बघ" म्हणून दहा माणसं बोटं दाखवतात आणि मूल त्या माणसांकडेच बघतं. सर्पोद्यान १९८६ पासूनचं, पुष्कळ मुलांना आवडतं. घाबरलं तर ताणू नका, बाहेर या.

प्लास्टिकच्या पिशव्या आणि पुडे सोबत नेऊ नका. डबा-बाटली स्टीलची असली की प्रश्न नाही. प्राण्यांना हाका मारू नयेत, काही खायला टाकू नये, हे याच वयात शिकवता येतं. शेजारचे लोक ओरडत असले तरी आपण हळू आवाजात बोलायचं. मुलं आपलं बघून तेच करतात.

८. माती, झाडं आणि मोर

मुलाला मातीत खेळू द्यायचं असेल तर रेसकोर्सजवळचं एम्प्रेस गार्डन. तिकीट आहे, पण आत गेल्यावर खूप जुने वृक्ष, दोरखंडासारख्या जाड वेली आणि भरपूर सावली. उन्हाळ्यातही सकाळी इथे गार वाटतं. जुने कपडे घालून न्या आणि कपड्यांची काळजी सोडून द्या. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास इथे पुष्पप्रदर्शन भरतं. फुलं सुरेख असतात, पण गर्दीत बुटक्या मुलाला फक्त पाय दिसतात. तेव्हा शक्यतो सुट्टी नसलेल्या दिवशी सकाळी जा. त्याच भागात लष्कराचं युद्ध स्मारक आहे. गाड्यांचं वेड असलेल्या मुलाला तिथले रणगाडे आणि मिग-२३ विमान जवळून पाहायला मिळतं.

टेकडी दाखवायची तर तळजाई. वरपर्यंत वाहन जातं आणि वर रस्ता बऱ्यापैकी सपाट, त्यामुळे लहान पावलांना झेपतं. सकाळी सातच्या आधी गेलात तर मोराचा आवाज हमखास ऐकू येतो, नशिबात असेल तर दिसतोही. हातात खाऊ घेऊन चालू नका, कुत्री मागे लागतात. वेताळ टेकडी आणि पर्वतीच्या पायऱ्या मूल पाच वर्षांचं होईपर्यंत राहू द्या.

सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यान ही जपानी धाटणीची बाग फार सुंदर आहे. तळ्यातले रंगीत मासे पाहायला जरूर न्या. पण ही बघण्याची बाग आहे, पळण्याची नव्हे. आधी दुसरीकडे हुंदडून दमलेलं मूल इथे आणलं तर दोघांनाही सुख.

९. पाऊस कोसळत असेल तेव्हा

कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून चालू आहे. एका मोठ्या खोलीभर शहर मांडलेलं, त्यात सिग्नल, पूल, स्टेशनं, आणि त्यांतून धावणाऱ्या इवल्या गाड्या. सुमारे अर्ध्या तासाचा खेळ असतो आणि निवेदनासह सगळं दाखवतात. रेल्वेवेड्या मुलाला याहून मोठा आनंद नाही. खेळाच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून आधी फोन करून जा. हात लावायचा नसतो, त्यामुळे दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कडेवरच ठेवा आणि दाराजवळची जागा धरा.

राजा दिनकर केळकर संग्रहालय मोठ्यांचं समजलं जातं, पण दिवे, अडकित्ते, वाद्यं, जुनी खेळणी पाहताना मुलं रमतात. हा संग्रह केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला. जिने आहेत, बाबागाडी नको. एक मजला, अर्धा तास, बस.

मॉलमधल्या सॉफ्ट प्लेला मोजे लागतात. नसतील तर तिथे विकत घ्यावे लागतात. सर्दी-तापाच्या दिवसांत तिथे नेऊ नका, सगळ्या मुलांचे हात त्याच चेंडूंना लागलेले असतात.

१०. गणपती आणि दिवाळी

नव्याने आलेल्या प्रत्येकाला गणेशोत्सव पाहायचाच असतो. मुलाला घेऊन नक्की जा, पण सकाळी सातला. कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाचही गणपती एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. सकाळी आरामात दर्शन होतं, पुजारी मुलाच्या हातावर प्रसाद ठेवतात, आणि रस्ते मोकळे असतात. रात्रीची आरास, रोषणाई, विसर्जन मिरवणूक या वयाच्या मुलासाठी नाही. ढोल-ताशाचं पथक जवळून गेलं की मोठ्यांच्याही छातीत धडधडतं, लहान कानांना तो आवाज घातक आहे. मुलांसाठी कान झाकणारे हेडफोनसारखे मफ मिळतात, या दिवसांत ते पिशवीत हवेतच.

दिवाळीत सोसायट्यांमध्ये आणि वाड्यांमध्ये मुलं मातीचे किल्ले करतात. संध्याकाळी फटाके सुरू होण्याआधी मुलाला शेजारपाजारचे किल्ले दाखवत फिरवा, आणि शक्य असेल तर एक ओंजळ माती त्याच्या हाताने लावू द्या. हुरड्याच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, पुण्याबाहेरच्या शेतांवर सकाळी जाऊन येणंही चांगलं. वासरू, बैलगाडी, विहीर सगळं बघायला मिळतं. विहिरीला कठडा आहे का हे मात्र पोचल्या पोचल्या बघा.

११. ही ठिकाणं थोडी थांबू द्या

खडकवासला चौपाटीला रविवारी संध्याकाळी जाऊ नका. परतीच्या कोंडीत दोन तास अडकलात तर मुलाला खायला घालायलाही जागा नसते. दुसऱ्या दिवशी गेलात तरी पाण्यात उतरू नका. काठ उतरता आहे आणि तळ दिसत नाही. सिंहगडावर पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी घाटात कोंडी आणि दरडीची भीती असते. हिवाळ्यातल्या एखाद्या मधल्या वारी मूल पाठीवर घेऊन जाता येतं. शनिवारवाड्यात खालची बाग ठीक, पण तटावर चढायच्या पायऱ्या उंच आणि घासून गुळगुळीत झालेल्या आहेत. तुळशीबागेत भातुकली घ्यायला जायचं तर मुलाला घरी आजीकडे ठेवा, किंवा दुकानं उघडताना सकाळी जा.

१२. काही झालंच तर

गर्दीच्या ठिकाणी मुलाच्या कपड्याच्या आतल्या बाजूला तुमचा मोबाइल नंबर लिहिलेली कापडी पट्टी टाचा. बाहेरून दिसेल असं नाव लिहू नका, अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. मूल दिसेनासं झालं तर एकाने तिथेच उभं राहायचं, दुसऱ्याने फाटक गाठायचं आणि सुरक्षारक्षकाला फोटो दाखवायचा. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे नंबर घरातल्या सगळ्यांच्या, आजी-आजोबांच्याही फोनमध्ये असू द्या.

पडून डोक्याला लागलं आणि त्यानंतर मूल पुन्हा पुन्हा ओकलं, नेहमीपेक्षा जास्त झोपाळलं किंवा ओळख विसरल्यासारखं वागलं, तर घरी नेऊन वाट पाहू नका, थेट दवाखाना. निघण्याआधी त्या भागातलं लहान मुलांचं चोवीस तास उघडं रुग्णालय नकाशावर शोधून ठेवायला एक मिनिट लागतं.

दूध पाजायला एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात. बागांमध्ये मात्र तशी सोय क्वचितच. तिथे तो साडीचा तुकडा आणि झाडाचा आडोसा. वापरलेलं डायपर बागेच्या डब्यात उघडं टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा आणि घरी आणून सुक्या-ओल्यापासून वेगळं द्या. पुण्यात या लाल ठिपक्याचा अर्थ कचरा वेचणाऱ्या ताईंना कळतो, आणि त्यांचा हात त्यात जात नाही.